ओहोटीला टाकलेले शब्द

१

क्लेम टॅटनेलच्या घरात घड्याळ होतं, पण ते त्याच्या बायकोचं, मर्लचं. ती गेल्यावर त्याला कोणी चावी दिली नाही. क्लेमचा दिवस ओहोटीवर चालायचा. पाणी उतरलं की गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायचे, धक्क्याच्या पायऱ्या उतरून, कालवं वाढवायच्या चिखलातल्या लाकडी मांडण्यांपर्यंत जायचं, टोपल्या हलवायच्या, मेलेली कालवं निवडून काढायची आणि पाणी परत घोट्याला लागलं की वर यायचं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एवढं पुष्कळ झालं. मांडण्याही आता तीनच उरल्या होत्या.

वर आला की तो शेडमध्ये बसून बोलायचा. एकटाच.

क्लेम लहानपणापासून अडखळायचा. पहिलं अक्षर दातांमागे रुतून बसायचं, मान ताणली जायची, समोरचा माणूस वाट बघून बघून दुसरीकडे बघायला लागायचा. शाळेत पोरं नक्कल करायची. बाराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. मग बापाबरोबर कालवांवर लागला, दिवसाचे सहा-सहा तास चिखलात एकटा. सोळा वर्षांचा असताना एकदा तिथेच उभ्या उभ्या त्याच्या तोंडून एक शब्द निघाला, जो कोणाचाच नव्हता. पाणी उतरताना चिखलावर ज्या नागमोडी रेघा सोडून जातं, त्या रेघांसाठीचा. न अडखळता निघाला. चूक काढायला कोणी नव्हतं. तिथून त्याची भाषा सुरू झाली.

लिहिणं धड येत नव्हतं, म्हणून त्याने शब्द शिंपल्यांवर ठेवले. कालवाच्या शिंपल्याची आतली पांढरी बाजू घासायची आणि खिळ्याने तिच्यावर खूण कोरायची. एक शिंपला, एक शब्द. नियमही त्याचे त्यानेच घालून घेतले होते. नवा शब्द तीन ओहोट्यांना, ज्या वस्तूचा असेल तिच्यासमोर उभं राहून म्हणायचा. तिसऱ्यांदा म्हटला की पक्का. मग ती वस्तू त्या शब्दाची झाली, सुटका नाही. आणि एखादा शब्द नकोसा झाला की धक्क्याच्या टोकाला जाऊन शिंपला उतरत्या पाण्यात टाकायचा आणि तो शब्द परत तोंडात आणायचा नाही. अठ्ठावन्न वर्षं हे चाललं होतं. सफरचंदांच्या चार खोक्यांत तीनशेच्या वर शिंपले जमले होते. टाकलेले किती, ते त्याने कधी मोजलं नाही.

मर्ल जाऊन चार महिने झाले होते तेव्हाची ही गोष्ट. मंगळवार होता. क्लेम मांडण्यांवरून परत आला तर मागच्या दाराच्या पायरीवर एक शिंपला होता. ओला. बाहेरून शेवाळ चढलेलं, आत खूण. त्याचीच खूण. काळ्या कुत्रीसाठीचा शब्द होता तो. कुत्री लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गाडीखाली गेली, त्याच दिवशी त्याने शिंपला पाण्यात टाकला होता.

शब्द जिभेच्या टोकावर आला. क्लेमने ओठ मिटून घेतले.

कुरव, असं त्याने मनाशी म्हटलं. कुरव पक्षी शिंपले उचलतात, उंचावरून दगडावर टाकतात, फुटला की आतलं खातात. रोज बघतो आपण.

पण रिकामा शिंपला कुठला कुरव उचलतो? आणि हा तर टाकलेलाही वाटत नव्हता. उताणा होता, खूण वर, पायरीच्या बरोबर मध्ये. पाहुण्याने आणलेली वस्तू अलगद ठेवावी तसा.

२

मर्ल या भाषेवरून चिडवायची, पण तिच्या आड कधी आली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "माझी सवत राहते त्या शेडमध्ये. दिसायला बरी असावी. तास तास बसतो तिच्यापाशी." आणि जेवण झालं की शेडच्या दारावर थाप मारायची, "ओ राजे, भाषण संपलं असेल तर सूप गार होतंय."

शेवटच्या आजारपणात ती समोरच्या खोलीत झोपायची, खाडी दिसावी म्हणून. एका दुपारी क्लेम तिचे पाय चोळत होता तेव्हा ती म्हणाली, "म्हाताऱ्या, एक शब्द दे ना मला."

"क-कसला?"

"तुझ्यातला. एकच. जाताना बरोबर न्यायला."

क्लेमचे हात थांबले. चौथ्या खोक्याच्या तळाशी, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला एक शिंपला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कोरलेला. मर्लसाठीचा शब्द. तिच्यासमोर उभं राहून त्याने तो एकदाही म्हटला नव्हता, त्यामुळे तो पक्काही झाला नव्हता. ती हसली तर? आणि दुसऱ्याच्या तोंडात गेल्यावर तोही दातांमागे अडकायला लागला तर? सबंध जगात न अडखळता बोलायला त्याला तेवढीच जागा होती.

"ते म-म-माझे आहेत," तो म्हणाला. "म्हणजे... ए-एकट्याचे."

बोलल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

मर्ल त्याच्याकडे बघून हसली. "ठेव बाबा, ठेव. खोक्यात ठेव तुझ्या. मी आपली दुकानातून आणीन एखादा." हसताना तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. तिने परत विचारलं नाही. अकरा दिवसांनी ती गेली. त्या अकरा दिवसांतला प्रत्येक दिवस क्लेमने उद्यावर टाकला होता.

बुधवारी पायरीवर दुसरा शिंपला आला. करपलेल्या दुधाच्या वासाचा शब्द. गुरुवारी काही नव्हतं आणि त्याला बरं वाटलं. शुक्रवारी तिसरा होता.

तो बघितल्यावर क्लेम पायरीवरच बसला, चड्डी भिजेपर्यंत. मर्लला एकदाच दिवस गेले होते, त्या वर्षीचा शब्द होता तो. येणाऱ्यासाठी केलेला. येणारं आलं नाही. मर्ल दवाखान्यातून घरी यायच्या आत त्याने तो शिंपला टाकून दिला होता. त्या शब्दाबद्दल त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

३

रविवारी दुपारी मर्लची धाकटी बहीण थेल्मा आली. हातात स्कोन-पावांचा डबा आणि जर्दाळूचा जॅम.

"काय रे क्लेम, आहेस की कालवांनी खाल्लं तुला?"

"अ-अजून नाही."

"खाण्यासारखं उरलंय काय म्हणा. नुसती हाडं." तिने किटलीचं झाकण उघडून आत नाक घातलं. "यात चहा करतोस की खाडीचा चिखल उकळतोस? सरक तिकडे."

चहा झाला. थेल्माने स्कोन फोडून त्याच्यापुढे ठेवला. "हे बघ, माझ्याकडे तुझी खोली तयार आहे. खिडकीतून माझ्या कोंबड्या दिसतात, तेवढीच करमणूक. पंधरा दिवसांनी शनिवारी गाडी घेऊन येते. तीन वाजता. कुरकुर ऐकून घेणार नाही."

"शिं-शिं..."

"घे ना शिंपले. खोकी भरून घे. आमच्या ह्यांनी गॅरेजमध्ये रंगाचे रिकामे डबे ठेवलेत, लग्नाआधीपासूनचे. त्यांच्या शेजारी मांड तुझा संसार."

क्लेम हसला. तोंडात स्कोन होता. तेवढ्यात स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याच्या खोलीतून आवाज आला.

थेल्माची सुरी जॅममध्येच राहिली. "आत कोण आहे?"

क्लेमने घास गिळला. "रे-रेडिओ."

"रेडिओवर तुझी बडबड लावतात का रे?" ती हळू आवाजात म्हणाली. "तेच बोलणं आहे ते. शेडमधलं. चाळीस वर्षं भिंतीआडून ऐकलंय मी." मग ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि तुझं तोंड तर बंद होतं."

दोघांनी जाऊन दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. नळ कोरडा होता. मागच्या दारापासून कपड्यांच्या टबापर्यंत फरशीवर पाण्याचा एक पट्टा होता, वीतभर रुंद, काहीतरी ओढत नेल्यासारखा.

"नळ गळत असेल," थेल्मा म्हणाली. "घरातली बाई गेली की नळसुद्धा शेफारतात." पण चहा तिने अर्धाच घेतला. फाटकाशी तिने त्याची बाही घट्ट धरली. "शनिवार कशाला बघायचा? आत्ता चल. आहेस तसा."

"श-शनिवारी."

तिला त्याने काय सांगायचं? आतून तीन शब्द आले होते. कुत्री. दूध. येणारं. चाचपडत, एकेक, नवं शिकणारा माणूस बोलतो तसे. आणि प्रत्येक शब्दाआधी एक बारीक श्वास आत ओढला जात होता. सुईत दोरा ओवताना ओढतात तेवढाच. मर्ल काहीही बोलायच्या आधी तसा श्वास घ्यायची.

४

म्हातारपणी कानात काहीबाही वाजतं, हे क्लेमला माहीत होतं. शोकाने माणूस स्वतःशीच दोन आवाजांत बोलतो, हेही त्याने ऐकलं होतं. पण थेल्माचे कान धडधाकट होते.

सोमवारी ओहोटीला तो धक्क्याच्या टोकाशी उभा राहिला आणि तिथे त्याच्या ध्यानात आलं. मर्लची राख त्याने इथेच सोडली होती. तिनेच सांगितलं होतं, धक्क्याच्या टोकाला सोड, स्वयंपाकघराची खिडकी दिसते तिथून. त्यानेही ओहोटी बघूनच सोडली, सवयीने. ज्या फळीवर उभं राहून अठ्ठावन्न वर्षं नको असलेले शब्द टाकले, त्याच फळीवरून.

तिने एक मागितला होता. आयुष्यभर त्याने जे नकोसं म्हणून फेकलं, तेवढंच तिच्या वाट्याला आलं.

क्लेम शेडमध्ये गेला आणि पहिलं खोकं उचलून घेऊन आला. किटलीचा शब्द. कोरड्या टॉवेलचा. सकाळी टेबलावर पडणाऱ्या उन्हाचा. एकेक शिंपला हातात घेऊन त्याने शेवटचा म्हटला आणि पाण्यात सोडला. चांगले शब्द होते, वापरून गुळगुळीत झालेले.

मंगळवारी दुपारी धुण्याच्या खोलीतून आवाज आला, "किटली." जरा वेळाने, "ऊन." मग परत, "किटली." अंधाऱ्या खोलीत हाताने सामान चाचपावं तसा.

त्या दिवशी क्लेमने दुसरं खोकं रिकामं केलं. गुरुवारी तिसरं. आवाज टबापासून पुढे सरकला, भिंतीशी आला, मग स्वयंपाकघराच्या दारामागे. दाराला दुधी काच होती. तिच्यात काही दिसत नव्हतं, फक्त काच खालच्या बाजूने धुरकट व्हायची आणि परत निवळायची.

इकडे क्लेमचं तोंड ओस पडत चाललं. चहा ठेवताना तो किटलीचा शब्द शोधायचा आणि जीभ नुसती फिरून यायची, दात उपटलेल्या जागी फिरते तशी. म्हणायचा नाही हा नियम होता, पण आता म्हणायला शब्दच राहिला नव्हता. दुकानातल्या बाईपुढे ब्रेड मागताना तो इतका अडखळला की तिने बोटाने दाखवा म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्याला मांडण्यांवर काम करताना सुचली, आणि ती त्याने परत मनात येऊ दिली नाही. मर्ल जाऊन चार महिने झाले होते. शिंपले अठ्ठावन्न वर्षं पडत होते. तिच्या आधी तिथे खाली ऐकणारं कोणी होतं का?

शुक्रवारी त्याने चौथं खोकं उचललं.

५

आता दारामागून सगळं ऐकू यायचं. वल्ह्याचा आवाज, ओली लोकर, टेबल, दोन कप, पाय गार पडलेत. ओहोटी खाली गेली की सुरू व्हायचं आणि पाणी चढलं की थांबायचं. पण दर वेळी एका जागी येऊन ते अडायचं. बारीक श्वास आत ओढला जायचा आणि पुढे काहीच नाही. परत श्वास. परत काही नाही. क्लेमला तो प्रकार जन्मभर ठाऊक होता. शब्द दातांमागे अडकल्यावर माणसाचं काय होतं, ते त्याच्याइतकं कोणाला कळणार? ऐकता ऐकता त्याचीच मान ताणली जायची.

नेमका कुठला शब्द कमी पडतोय, हे त्याला कळलं होतं.

खोक्याच्या तळातून त्याने फ्लॅनेलची पुरचुंडी काढली. रविवारी ओहोटीला तो धक्क्याच्या टोकाशी गेला, खाली पाण्याकडे बघितलं आणि मर्लचा शब्द म्हणाला. त्या शब्दाला अक्षरं नाहीत, इथे लिहिता येत नाही. ओठ मिटून सुरू होतो आणि शेवटी तोंड उघडं राहतं. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटला. जराही अडखळला नाही. सोमवारी दुसऱ्यांदा म्हटला. मंगळवारी तिसऱ्यांदा. आणि मग शिंपला सोडून दिला. तो डोलत डोलत खाली गेला, पांढरा ठिपका झाला आणि दिसेनासा झाला.

परत येताना तिला हाक मारावी म्हणून क्लेमने तोंड उघडलं. ओठ मिटले, उघडले. आत काही नव्हतं.

बुधवारी घरात काही वाजलं नाही. इतका एकटा तो अंत्यविधीच्या दिवशीही नव्हता.

गुरुवारी, पावणेदोनच्या सुमाराला, क्लेम टेबलाशी बसला होता. बाहेर लख्ख ऊन होतं. धुण्याच्या खोलीचं दार आपसूक चारेक बोटं उघडलं. दाराच्या कडेवर बोटं आली. कडीजवळ नव्हती ती. जमिनीपासून हातभर उंचीवर होती, जसं कोणी पलीकडे फरशीच्या खाली, कंबरभर पाण्यात उभं आहे. दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली बोटं. एका बोटावर अंगठीचा फिकट वळ होता. अंगठी क्लेमने काढून खिळ्याला अडकवली होती, त्याच्या डोक्यावरच, भिंतीवर.

हात आत आला, फरशीवर एक शिंपला ठेवला आणि मागे गेला. दार मिटलं.

शिंपल्यावरची खूण क्लेमने केलेली नव्हती. नवी होती, ताजी, थरथरत्या हाताने कोरलेली. एक वाकलेली रेघ आणि तिच्यासमोर अर्धवट उघडं वर्तुळ. तीनशे शब्द केले, टाकलेले धरले तर त्याच्या कितीतरी वर, पण स्वतःसाठी त्याने एकही केला नव्हता. एकट्याच्या भाषेत स्वतःला हाक कोण मारतं?

दारामागे बारीक श्वास ओढला गेला. मग आवाज आला, हळू, मायेने. शब्द नवा होता, आणि तो क्लेमसमोर म्हटला गेला होता.

एकदा.

६

शुक्रवारी अडीचला तो शब्द परत आला. दुसऱ्यांदा.

त्या शब्दाने काय होत होतं ते सांगणं कठीण आहे. शुक्रवारी संध्याकाळी आरशात बघताना क्लेमला वाटलं, हा म्हातारा ओळखीचा आहे. तेवढंच. आणि हात धुताना त्याने बघितलं, त्याचीही बोटं सुरकुतलेली होती आणि पुसली तरी वाळत नव्हती.

शनिवारी त्याने बॅग भरून पुढच्या दाराशी ठेवली. दोन शर्ट, वस्तरा, मर्लचं घड्याळ. थेल्मा तीनला येणार होती. पाणी तळाला जायचं ते सव्वातीनला. मध्ये पाव तास होता. पुढच्या दारातून निघालं की गाडी, मग डांबरी रस्ता, मग कोंबड्या दिसणारी खिडकी. आपण म्हातारे झालो, आपल्याला भास झाले, असं म्हणून राहिलेले दिवस काढता आले असते.

त्याने कोट घातला. मग किटली ठेवली, आणि सवयीने दोन कप काढले.

मागितला तेव्हा दिला असता तर. एवढंच त्याच्या मनात होतं. समोरच्या खोलीत, पाय चोळता चोळता, एकच शब्द. ती हसली असती, आणि मग सूप गार झालं असतं, आणि त्यात काय बिघडलं असतं?

बाहेर गाडी थांबली. थेल्मा नेहमीसारखी लवकर आली नव्हती, आज तिला उशीर झाला होता. हॉर्न वाजला. धुण्याच्या खोलीचं दार चार बोटं उघडलं, मग वीतभर. आतून ओल्या लोकरीचा आणि उतरत्या पाण्याचा वास आला. काचेमागे खूप खाली एक चेहऱ्याएवढी फिकट जागा होती, वर बघणारी. तिच्यात मर्ल होती की नाही, हे क्लेमला तेव्हाही सांगता आलं नसतं. तो उठला आणि दिसावं म्हणून गुडघ्यांवर बसला.

बारीक श्वास ओढला गेला. सुईत दोरा ओवताना ओढतात तेवढाच.

मग त्याला हाक आली, तिसऱ्यांदा. आणि ज्याला जन्मभर साधा होकार द्यायला मान ताणावी लागली, त्याने एका झटक्यात, न अडखळता, ओ दिली.

पुढच्या दाराशी मर्लच्या बहिणीने "क्लेम" म्हणून हाक मारली. मग दार ठोठावून परत मारली. ती कोणाला बोलावते आहे, ते त्याला कळलं नाही.